कॅमेरा ट्रॅप : मेगापिक्सेलपलीकडची कसोटी
२०१८च्या व्याघ्रगणनेत देशभरात २६,८३८ ठिकाणी कॅमेरा ट्रॅप लावण्यात आले होते. असा कॅमेरा निवडताना जाहिरातीतील मेगापिक्सेलच्या आकड्याला फारसा अर्थ नसतो. पाहावा लागतो तो संवेदक. हलत्या प्राण्याचे शरीर व भोवताल यांच्या तापमानातील फरक तो टिपतो. विदर्भातील वैशाखात, तापलेल्या दगडधोंड्यांपुढे हा फरक पुसट झाला, की समोरून गेलेला वाघही नोंदीतून निसटू शकतो. छायाचित्र निघण्यास विलंब झाल्यास हाती लागते ती केवळ शेपटी! ओळख तर अंगावरील पट्ट्यांवरूनच पटते. रात्री अवरक्त प्रकाशात ते धूसर दिसतात. पांढऱ्या फ्लॅशमध्ये स्पष्ट. मात्र तोच फ्लॅश चोरट्या शिकाऱ्यालाही कॅमेऱ्याची जागा दाखवून देतो.