लाल विंचवाचा दंश आणि फुफ्फुसात साचणारे पाणी

उन्हाळ्यात घराची शाकारणी निघाली, लाकूडफाटा हलविला जाऊ लागला, किंवा पावसाळ्यानंतर भाताची झोडणी सुरू झाली, की कोकणात विंचूदंशाच्या घटना कानांवर येऊ लागतात. विंचू चावणे म्हणजे असह्य वेदना आणि वेदना उतरली म्हणजे संकट टळले, असा सर्वसाधारण समज आहे. आकाराने मोठ्या, काळ्या विंचवाच्या बाबतीत तो बहुतांशी खराही ठरतो. परंतु लहानखुऱ्या लाल विंचवाच्या बाबतीत तोच समज घातक ठरतो. या दंशाने मृत्यू ओढवतो तो वेदनेमुळे नव्हे, तर हृदय दुर्बल होऊन फुफ्फुसात पाणी साचल्यामुळे. हे पाणी ओसरेल की वाढेल, हे पुष्कळ अंशी रुग्णाला कोणते औषध मिळते आणि किती लवकर मिळते, यावर अवलंबून असते.

विष काय करते?

लाल विंचवाच्या विषामुळे मज्जातंतूंमधील सोडियमच्या वाटा लवकर बंद होत नाहीत. परिणामी मज्जातंतू सतत उत्तेजित राहतात आणि ॲड्रिनॅलिनसारखी द्रव्ये रक्तात फार मोठ्या प्रमाणात मिसळतात. त्यामुळे सर्व शरीरातील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब वाढतो आणि या आवळलेल्या वाहिन्यांत रक्त ढकलता ढकलता हृदय थकून जाते. फुफ्फुसांकडून येणारे रक्त हृदयाला पुढे पाठविता येईनासे झाले, की फुफ्फुसांतील सूक्ष्म वाहिन्यांमध्ये दाब वाढतो. मग रक्तातील द्रवभाग वाहिन्यांच्या भिंतींतून झिरपून, जेथे केवळ हवा असावयाची त्या वायुकोशांत शिरतो. रुग्णाला धाप लागते, आडवे पडवत नाही, खोकला येतो आणि पुढच्या अवस्थेत तोंडावाटे गुलाबी फेस येऊ लागतो.

धोक्याची पूर्वसूचना

ही अवस्था येण्यापूर्वी शरीर स्पष्ट सूचना देत असते. वारंवार उलटी होणे, दरदरून घाम सुटणे, तोंडाला लाळ सुटणे, हातपाय थंडगार पडणे आणि पुरुषांत व मुलग्यांत शिश्न ताठ होणे ही त्यांतील प्रमुख लक्षणे होत. येथे एक गोष्ट विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. दंशाच्या जागी तीव्र वेदना असून इतर कोणतेही लक्षण नसेल, तर धोका सहसा कमी असतो. उलट वेदना फारशी नाही, पण अंग घामाने भिजले आहे आणि हातपाय गार पडले आहेत, असा रुग्ण अधिक चिंताजनक असतो. "दुखत नाही, म्हणजे उतार पडला" असे मानून त्याला घरी ठेवणे म्हणजे मोलाचे तास वाया घालविणे होय.

उपचारांचाच भार

पूर्वी या रुग्णांना ॲट्रोपिन, स्टेरॉइड, ॲलर्जीवरील औषधे किंवा गुंगी आणणारी औषधे दिली जात. ॲट्रोपिनने घाम आणि लाळ थांबते. परंतु आधीच जोरात धावणारे हृदय अधिकच वेगाने धावू लागते. थंड पडलेले हातपाय पाहून सलाइन भराभर दिले गेले, तर थकलेल्या हृदयाला न पेलणारे ते पाणी अखेर फुफ्फुसातच जमा होते. अशा रीतीने विषाने आरंभिलेले कार्य औषधाकडूनच पुरे होण्याचा धोका असे.

बिरवाडीतून जगापर्यंत

या प्रश्नाचे उत्तर एखाद्या मोठ्या शहरात नव्हे, तर महाड परिसरात सापडले. डॉ. हिंमतराव बावस्कर हे १९७६ मध्ये तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. विंचूदंशाच्या रुग्णांच्या उशाशी बसून त्यांनी लक्षणांचा क्रम टिपला. हृदयावरील संकटाची पूर्वलक्षणे सांगणारा त्यांचा लेख १९८२ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. रक्तवाहिन्या आवळल्या गेल्यामुळे हे अरिष्ट येत असेल, तर त्या सैल करणारे औषध द्यावे, या विचारातून उच्च रक्तदाबावरील प्राझोसिन या औषधाचा उपयोग सुरू झाला. त्याविषयीचा लेख १९८६ मध्ये त्याच नियतकालिकात आला. या कार्यात त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांचाही मोठा वाटा आहे. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी शेकडा ३० ते ४० दगावत. वेळेवर प्राझोसिन मिळू लागल्यावर हे प्रमाण शेकडा एकाच्या आसपास आले. प्रतिविष आणि प्राझोसिन एकत्र दिल्यास रुग्ण अधिक लवकर बरा होतो, हे महाड येथेच झालेल्या व २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. डॉ. बावस्कर यांना २०२२ मध्ये 'पद्मश्री'ने गौरविण्यात आले.

प्राझोसिन ही गोळी स्वस्त असली, तरी ती घरच्या घरी घेण्याची नव्हे. तिने रक्तदाब एकदम उतरू शकतो. म्हणून रुग्णाला आडवे ठेवून, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच ती द्यावी लागते.

दंश झाल्यास

दंशाची वेळ लक्षात ठेवावी. जखम कापू नये, चोखू नये, घट्ट दोरी बांधू नये. मांत्रिकाकडे न जाता जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. मुलांच्या बाबतीत क्षणाचाही विलंब करू नये. अंथरूण झटकणे, पादत्राणे उलटी करून पाहणे, दगड व लाकडे काठीने हलवून मगच उचलणे आणि घराजवळ अडगळ साठू न देणे, या साध्या सवयींनी अनेक दंश टळू शकतात.

औषध आज उपलब्ध आहे आणि ते खर्चिकही नाही. रुग्ण घाम फुटताच, धाप लागण्यापूर्वी, आरोग्य केंद्राच्या दारी पोहोचविणे हे मात्र घरच्या आणि गावच्या माणसांच्याच हाती आहे.