काचेखालचे घोडे : खेळ कुठे संपतो, जुगार कुठे सुरू होतो?

ईदच्या सुट्टीत मुलांना घेऊन मॉलच्या गेम झोनमध्ये गेलो की प्रश्न येतोच, "अब्बा, ही घोड्यांची शर्यत खेळू का? हा जुगार तर नाही ना?" मुलांची शंका रास्त आहे. म्हणून आधी ही यंत्रं चालतात कशी ते पाहू.

यात दोन जाती आहेत. पहिलीत आपण चेंडू घरंगळवून भोकात टाकतो. जसं भोक, तसा फळीवरचा आपला घोडा एक, दोन किंवा तीन पावलं सरकतो. इथे हाताची सफाई चालते.

दुसऱ्या जातीत खेळाडूच्या हातात काहीच नसतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्सच्या कॅसिनोंत 'पती शव्हो', म्हणजे छोटे घोडे, हा खेळ चाले. गोल रिंगणात धातूचे घोडे फिरायचे आणि लोक पैसे लावायचे. 1985 मध्ये जपानच्या सिग्मा कंपनीने 'सिग्मा डर्बी' आणलं. लास वेगासमध्ये ते बरंच गाजलं. काचेखाली पाच घोडे, त्यातले पहिले दोन कोणते येतील ते ओळखायचं. नाणं फक्त 25 सेंटचं, म्हणून लोक तासन्‌तास बसत.

पाच घोड्यांच्या जोड्या होतात 10. समजा सगळ्या जोड्यांना सारखीच संधी आहे आणि आपण प्रत्येकीवर एक रुपया लावला. खर्च 10 रुपये, जिंकणार एकच जोडी. यंत्राने तिचे 8 रुपये दिले तर 2 रुपये त्याच्याच पोटात राहिले. हा हिशेब प्रत्येक शर्यतीत चालू राहतो. जिंकणारा ओरडतो, म्हणून तो लक्षात राहतो. हरणारे गुपचूप उठून जातात.

1996 मध्ये सुप्रीम कोर्टाने खऱ्या घोड्यांच्या शर्यतीवरची पैज हा कौशल्याचा खेळ मानला, कारण तिथे घोडा, त्याची जात, जॉकी यांचा अभ्यास करता येतो. प्लास्टिकच्या घोड्याचा कसला अभ्यास करणार? आणि कायद्याने चालतं ते सगळं आपल्यासाठी हलाल होत नाही. पैगंबर (स.) यांच्या काळात घोड्यांच्या शर्यती झाल्या आहेत. धावण्याला मनाई नाही, मनाई मैसिरला म्हणजे जुगाराला आहे.

महाराष्ट्राने 1976 मध्ये कॅसिनोचा कायदा केला होता. तो कधी लागू झालाच नाही आणि 2023 मध्ये रद्दही झाला. पण शेजारच्या गोव्यात कॅसिनो आहेत, सहलीला तर आपण जातोच.

तेव्हा मुलांना तीन प्रश्न शिकवू या. पैसे खेळण्याचे दिले की जिंकण्यासाठी लावले? निकाल हाताने लागतो की नशिबाने? हरलेल्याचे पैसे जिंकलेल्याला किंवा यंत्राच्या मालकाला जातात का? बक्षिसाच्या खेळाबद्दल शंका वाटली तर जवळच्या आलिमांना विचारावं. नुसतं "नको" म्हटलं तर मूल गप्प बसतं. कारण सांगितलं, तर आपण सोबत नसतानाही ते स्वतः थांबतं.