जुन्या पिकअपचा आवाज नेमका कोठून येतो?

चिरनेर म्हटले की २५ सप्टेंबर १९३० चा जंगल सत्याग्रह आठवतो. उरण तालुक्यातील या गावाच्या एका अंगाला अक्कादेवीचा डोंगर आहे, तर दुसऱ्या अंगाची भातखाचरे हळूहळू खाडीकडे उतरत जातात. डोंगराकडची कच्ची वाट, शेतातला चिखल आणि पनवेल-उरण पट्ट्यातील कंटेनरच्या वर्दळीचा पक्का रस्ता, असे तीन परस्परविरोधी रस्ते येथील वाहनाच्या वाट्याला एकाच दिवशी येऊ शकतात. अशा ठिकाणी चारही चाकांना शक्ती देणारी जुनी पिकअप ही हौसेची वस्तू नसते. भाजी, भात, विटा किंवा गणपतीपूर्वी पेणहून आणायच्या मूर्ती वाहून तिच्यावर एखादे घर चालत असते.

अशी गाडी एके दिवशी खालून घरघरू लागते. मालक ती गॅरेजमध्ये नेतो, ‘आवाज येतो’ एवढेच सांगतो आणि गिअरबॉक्स उतरवला जातो. आठवडाभर भाडे बुडते, हजारोंचा खर्च होतो आणि गाडी रस्त्यावर आली की आवाज जसाच्या तसा! दोष बहुधा पलीकडच्या एखाद्या चाकाच्या बेअरिंगमध्ये असतो. हा फटका टाळायचा असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आवाज ‘कसा’ येतो याचे वर्णन प्रत्येक जण निराळे करतो. तो ‘केव्हा’ येतो आणि ‘केव्हा’ थांबतो, हे मात्र तपासून पाहता येते.

शक्तीचा प्रवास

भारतात या गाड्यांची परंपरा जुनी आहे. महिंद्रा कंपनीने १९४७ साली मुंबईत विलिज जीपची जुळणी सुरू केली. मांडणीची मूळ कल्पना पुढच्या अनेक गाड्यांत कायम राहिली. इंजिनाची शक्ती क्लचमधून गिअरबॉक्समध्ये आणि तेथून ट्रान्सफर केसमध्ये येते. ट्रान्सफर केसमधून एक प्रोपेलर शाफ्ट मागे जातो, दुसरा पुढे. प्रत्येक शाफ्टच्या टोकांना जॉइंट असतात. गॅरेजमध्ये त्यांना ‘क्रॉस’ म्हणतात. शाफ्टपुढे डिफरन्शियलमधील क्राऊन-पिनियन, मग एक्सल आणि शेवटी चाकांची बेअरिंग. आवाजाचा शोध म्हणजे या वाटेवरील एकेक भाग संशयातून वगळत जाणे.

पहिली परीक्षा उभ्या गाडीवर

गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक लावावा, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून इंजिन सुरू करावे. घरघर ऐकू येत असेल आणि क्लच दाबताच थांबत असेल, तर गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टचे बेअरिंग संशयित ठरते, कारण क्लच दाबल्यावर तो शाफ्ट फिरणे थांबते. उलट, क्लच दाबल्यावरच किरकिर सुरू होत असेल तर क्लचचे रिलीज बेअरिंग झिजले असण्याचा संभव अधिक. उभ्या गाडीत काहीच ऐकू येत नसेल, तर पुढील तपास चालत्या गाडीत करावा.

दुसरी परीक्षा चालत्या गाडीत

मोकळ्या, सपाट रस्त्यावर एक जण गाडी चालवील आणि दुसरा शेजारी बसून कान देईल, अशी व्यवस्था करावी. एकच वेग राखून तिसरा आणि चौथा असे दोन गिअर वापरून पाहावेत. इंजिनाचे फेरे बदलले तरी आवाज तोच राहिला, तर त्याचा संबंध चाकांच्या वेगाशी आहे. दोष गिअरबॉक्सच्या पलीकडे शोधावा. आवाज एखाद्याच गिअरमध्ये येत असेल तर त्या गिअरचे दाते तपासावेत. खालच्या सर्व गिअरमध्ये येऊन थेट जोडणीच्या गिअरमध्ये, म्हणजे बहुतेक जुन्या गाड्यांच्या चौथ्या गिअरमध्ये, नाहीसा होत असेल तर गिअरबॉक्समधील खालच्या शाफ्टची बेअरिंग पाहावीत. थेट जोडणीत त्या शाफ्टवर भार येत नाही.

अॅक्सिलरेटर दाबल्यावर शिट्टीसारखा सूर येतो आणि पाय काढताच बदलतो, तेव्हा क्राऊन-पिनियनकडे लक्ष द्यावे. दात्यांची भार घेणारी बाजू त्या क्षणी बदलत असते. गाडी सुटताना किंवा रिव्हर्स टाकताना एकदाच ‘ठक्क’ होत असेल तर शाफ्टचा क्रॉस, शाफ्टच्या सरकत्या जोडाच्या खाचा किंवा पाट्यांचे सैल यू-बोल्ट तपासावेत. मंद वेगात चिमणीच्या चिवचिवाटासारखा तालबद्ध आवाज बहुधा कोरड्या क्रॉसचा असतो. वेळीच ग्रीस भरल्यास अल्प खर्चात भागते.

वळणावर आवाज बदलत असेल तर चाकाच्या बेअरिंगचा विचार करावा. गाडी डावीकडे वळते तेव्हा भार उजव्या चाकावर येतो, त्यामुळे डाव्या वळणावर वाढणारी घरघर बहुधा उजव्या बाजूची. सरळ जाताना शांतता आणि केवळ वळणावर आवाज, असे असल्यास डिफरन्शियलमधील लहान गिअरही पाहावेत. डांबरी रस्त्यावरून काँक्रीटवर जाताच सूर बदलला तर मात्र आधी टायर तपासावेत. चिखलाचे जाड नक्षीचे टायर मुळातच गुणगुणतात आणि त्यांच्यापायी अनेक निर्दोष डिफरन्शियल उघडले गेले आहेत.

चारही चाके जोडल्यावर

आवाज केवळ फोर व्हील ड्राइव्ह लावल्यावर येत असेल, तर ट्रान्सफर केस, पुढचा शाफ्ट आणि पुढचे डिफरन्शियल एवढ्यापुरताच शोध उरतो. पुढच्या हबला कुलूप असणाऱ्या गाड्यांत आणखी एक सोय असते. टू व्हीलमध्ये हब लॉक करून आणि मोकळे करून गाडी चालवावी. हब मोकळे करताच आवाज थांबला, तर दोष पुढच्या भागातच आहे.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. या जुन्या गाड्यांमध्ये पुढच्या व मागच्या एक्सलमधील वेगाचा फरक सामावणारी यंत्रणा ट्रान्सफर केसमध्ये बहुधा नसते. वळताना पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा लांबचा मार्ग कापावा लागतो. चिखलात टायर घसरून हा फरक भरून काढतात. कोरड्या डांबरावर ते घसरत नाहीत आणि सारा ताण गिअर व शाफ्टमध्ये साठत जातो. मग लिव्हर अडकते, स्टिअरिंग जड होते आणि अखेर मोठा ‘धाड’ असा आवाज होतो. गाडी सरळ रेषेत थोडी मागे घेतली की बहुधा ताण सुटतो. शेतातून पक्क्या रस्त्यावर येताच फोर व्हील काढून टाकण्याची सवय हाच यावरचा खरा उपाय. पुढे-मागे कमी-अधिक झिजलेले टायर असतील तरीही असाच ताण निर्माण होतो.

पाणी आणि तेल

कोकणातील पावसात आणखी एक शत्रू असतो. धावून तापलेले डिफरन्शियल अचानक ओढ्याच्या थंड पाण्यात गेले की आतली हवा आकुंचन पावते. हवा जाण्या-येण्याची छोटी नळी चिखलाने बुजलेली असेल तर सीलमधून पाणीच आत ओढले जाते. तेल दुधट होते, बेअरिंगवर गंज चढतो आणि काही आठवड्यांनी घरघर सुरू होते. खाडीचे खारे पाणी तर अधिकच घातक. म्हणून कोणताही भाग उघडण्यापूर्वी गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि दोन्ही डिफरन्शियल यांचे तेल आधी पाहावे. चुंबकी प्लगवर बारीक करडा लेप असणे स्वाभाविक आहे. धातूचे कण वा तुकडे निघाले तर गाडी थांबवावी. पाण्याने दुधट झालेले तेल त्वरित बदलावे.

जिवाशी खेळ नको

गाडीखाली जाताना केवळ जॅकवर विसंबू नये. घोडी लावावी आणि चाकांना अटकाव द्यावा. काही जीपवंशीय गाड्यांत हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसमागच्या शाफ्टवर असतो. अशा गाडीचे मागचे एक चाक उचलले किंवा मागचा शाफ्ट काढला की तो ब्रेक निरुपयोगी ठरतो. फोर व्हील लावलेली असताना चाके उचलून इंजिनाने फिरवणेही धोक्याचे. जमिनीवर टेकलेली चाके गाडी जॅकवरून ओढून नेतात.

शाफ्टमधून वाढती धडधड आणि कंप जाणवत असेल तर भाडे सोडून द्यावे. पुढच्या टोकाचा क्रॉस तुटून शाफ्ट रस्त्यात रुतला, तर भरलेली गाडी उलटू शकते. हौद्यात माल असो वा माणसे, त्यांच्या जिवापुढे एका दिवसाच्या भाड्याची किंमत काहीच नाही.

गॅरेजमध्ये जाण्यापूर्वी वेग, गिअर, वळण, भार, क्लच आणि फोर व्हील या सहा गोष्टींची नोंद कागदावर करून न्यावी. मेकॅनिकला शेजारी बसवून तोच आवाज त्याला ऐकवावा. अनुभवी मेकॅनिकला एवढी माहिती मिळाली की तो पाना योग्य जागी लावतो आणि मालकाचा आठवडा वाचतो.