जंगल, पण कोरडं!

सागाचं कोवळं पान घ्या (एकच हं!) आणि तळहातावर चोळा. हात लालेलाल! जऊळक्याकडच्या पोरांना हे कुणी शिकवावं लागत नाही. अकोला-पूर्णा रेल्वेमार्गावरचं हे वाशिम जिल्ह्यातलं गाव. या मुलखातल्या रानात साग, पळस, धावडा, मोह अशी आपली ओळखीची मंडळी.

उन्हाळा लागला, की हाच साग पार बोडका होतो. ताटाएवढी पानं खाली पडतात. पाचोळ्यातून साधा सरडा गेला तरी असा आवाज होतो, की वाटतं रानडुक्करच आलं! झाड मेलं की काय? छे! पानाला डोळ्यांना न दिसणारी हजारो छिद्रं असतात, त्यांतून पाणी उडून जातं. जमिनीतली ओल आटली, की साग सरळ पानंच टाकून देतो.

‘‘हे कसलं जंगल? टीव्हीवर तर सगळं हिरवंगार, ओलंचिंब असतं!’’ अहो, ते पर्जन्यवन. त्याच्याशी मिळतंजुळतं काही बघायचं तर सिंधुदुर्गातल्या आंबोलीला जा. समजा, वर्षभराचा पाऊस जागच्या जागी साठून राहिला. वाशिमला तो चौथीतल्या मुलाच्या छातीपर्यंत येईल. आंबोलीत? दुमजली घर बुडेल! तिथं साधारण 7000 मिलिमीटर पाऊस पडतो. तिथल्या बऱ्याच झाडांचीही पानं गळतात, पण एकेक करून. त्यामुळे झाड उघडं पडत नाही.

आणि कोयत्यानं वेली छाटत वाट काढणारा सिनेमातला हीरो? दाट पर्जन्यवनात त्याला बहुतेक ठिकाणी कोयता लागणारच नाही. वर पानांचं छप्पर इतकं घट्ट, की शंभरातला एक-दोन भाग उजेडच खाली पोचतो. उजेड नाही, म्हणून खाली झुडपांची गर्दीही नाही. एखादं मोठं झाड कोसळलं किंवा नदीचा काठ आला, की ऊन पडतं आणि मग माजते जाळी! इंग्रजीत ‘जंगल’ म्हणतात ते खरं तर या गचपणाला.

पण तो शब्द इंग्रजांनी नेला कुठून? आपल्याकडून! इंग्रजी शब्दकोशात त्याचं मूळ सांगताना हिंदीबरोबर मराठीचंही नाव येतं. त्याच्याही मागे संस्कृतातला ‘जांगल’. आयुर्वेदातल्या चरकसंहितेत जांगल देश म्हणजे कमी पाण्याचा, विरळ झाडांचा, मोकळ्या आभाळाचा कोरडा प्रदेश. म्हणजे शब्दाच्या मुळाशी गेलं, तर आंबोलीपेक्षा जऊळक्याचं रानच जास्त ‘जंगल’! मला तर हे कळलं तेव्हा भारी मजा वाटली.

मोगलीचंही तसंच. त्याची गोष्ट लिहिणाऱ्या किपलिंगनं 1894 च्या पुस्तकात त्याला मध्य प्रदेशातल्या सिवनीच्या रानात ठेवलं. तिथंही सागाची, पानगळीचीच रानं. सिनेमावाल्यांनी मात्र त्याला वेलींना लोंबकळायला लावलं.

पर्जन्यवनातल्या पुष्कळ पानांना टोकाला लांब शेपटी असते. पाणी तिच्यावरून चटकन ओघळतं, पान भिजत राहत नाही. अशी शेपटी तुमच्या गावातही सापडेल. देवळाजवळच्या पिंपळाचं पान आणा, शेजारी सागाचं धरा आणि दोन्हींवर तांब्याभर पाणी ओता. बघा, आधी कोण कोरडं होतं!