ऐकलेलीच वाक्यं बोलणारं मूल: गैरसमज आणि वस्तुस्थिती

काही मुलं सुट्या शब्दांपासून सुरुवात करत नाहीत. ऐकलेलं अख्खं वाक्य उचलतात आणि तसंच वापरतात. याला इकोलेलिया म्हणतात. स्वमग्न मुलांमध्ये तो बराच आढळतो. आईबाबांना अशा बोलण्याचा अर्थ हळूहळू उमगतो. आजी-आजोबा, शेजारी, बालवाडीच्या ताई मात्र गोंधळतात.

गैरसमज: ही नुसती पोपटपंची आहे.
वस्तुस्थिती: बॅरी प्रिझंट आणि ज्युडिथ डूकन या अमेरिकी अभ्यासकांनी १९८१ मध्ये चार स्वमग्न मुलांचं असं बोलणं तपासलं. त्यांना त्यात सात प्रकार आढळले. मागणी करणं, होकार देणं, संवादात आपली पाळी घेणं हे त्यांपैकी काही. कुकरच्या शिट्ट्यांनंतर रोज पान वाढलं जात असेल, तर ‘तीन शिट्ट्या झाल्या’ म्हणजे ‘भूक लागली’ असू शकतं.

गैरसमज: आपलाच प्रश्न परत विचारतो, म्हणजे त्याला समजत नाही.
वस्तुस्थिती: तहान लागल्यावर मूल ‘तुला पाणी हवंय?’ म्हणतं, कारण पाणी मिळताना त्याने हेच ऐकलेलं असतं. ‘मी’ आणि ‘तू’ची ही अदलाबदल लिओ कॅनर यांनी १९४३ मध्येच नोंदवली होती. ‘आधी नीट बोल, मग देते’ म्हणून अडवू नका. ‘मला पाणी हवंय’ असं त्याच्या वतीने म्हणा आणि पेला हातात द्या.

गैरसमज: चित्रं किंवा टॅबलेट दिला, तर मूल बोलायचंच थांबेल.
वस्तुस्थिती: २००६ च्या एका संशोधन-आढाव्यात भक्कम पुरावा असलेल्या २७ जणांपैकी एकाचंही बोलणं चित्रं-खुणांसारख्या पर्यायी पद्धतींमुळे कमी झालं नाही, बहुतेकांचं वाढलं. आयआयटी मुंबईत तयार झालेलं ‘जेलो’ हे चित्रांचं अ‍ॅप मराठीतही आहे.

गैरसमज: त्याच्याशी आईबाबांनीच बोलावं.
वस्तुस्थिती: अर्थ माहीत असला की कुणीही बोलू शकतं. पालकांनी एक वही करावी: मूल काय म्हणतं, त्याचा अर्थ काय, आपण काय करायचं. ती आजीला, ताईंना, सांभाळणाऱ्या मावशींना द्यावी. नवं वाक्य कळलं की त्यात भर घालावी. वाक्‌-उपचारतज्ज्ञांनाही ती उपयोगी पडते.

अशा मुलाला भेटाल तेव्हा प्रश्नांचा भडिमार करू नका. एक छोटं वाक्य बोला आणि उत्तरासाठी थांबा. ते जे म्हणेल त्याचा अर्थ त्याच्या घरच्यांना विचारा, पण त्याच्यासमोर ‘याला बोलता येत नाही’ असं कधीही म्हणू नका. ते ऐकत असतं.