प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्या रुग्णांतील मुखाचा किण्वसंसर्ग आणि बुरशीरोधक औषधांची संवेदनक्षमता

प्रस्तावना

अनेक निरोगी व्यक्तींच्या तोंडात कॅन्डिडा प्रजातीची किण्वे अल्प प्रमाणात असतात व त्यांचा उपद्रव होत नाही. एचआयव्हीबाधा, अनियंत्रित मधुमेह, कर्करोगावरील उपचार किंवा स्टिरॉइडचा दीर्घकाळ वापर यांमुळे प्रतिकारशक्ती खालावली की हीच किण्वे रोगकारक ठरतात. जिभेवर व टाळूवर दह्यासारखा पांढरा थर जमतो. एचआयव्हीबाधितांत सीडी4 पेशींची संख्या दर घन मिलिमीटर रक्तात 200 च्या खाली गेल्यावर हा विकार विशेष आढळतो. संसर्ग अन्ननलिकेत उतरल्यास घास गिळणे कठीण होते आणि आधीच अशक्त असलेल्या रुग्णाचे अन्न तुटते. सांगवीसारख्या (ता. बारामती) गावांत व्रण, फोड व असा थर या सर्वांना ‘तोंड येणे’ असेच म्हटले जाते. त्यामुळे नेमके निदान लांबू शकते. संसर्ग पुन्हा उद्भवल्यावर औषध बदलावे की तेच द्यावे, हे ठरविण्यासाठी संवेदनक्षमता चाचणीचा उपयोग कसा होतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

औषधे व प्रतिरोध

किण्वपेशीच्या पटलात अर्गोस्टेरॉल हे द्रव्य असते. निस्टॅटिन, अँफोटेरिसिन बी ही पॉलिइन गटातील औषधे त्याला चिकटून पटल निकामी करतात. याच गटातील हॅमायसिन हे पिंपरी येथील हिंदुस्तान अँटिबायोटिक्स या सार्वजनिक कंपनीचे संशोधन होय. 1960 च्या दशकाच्या आरंभी डॉ. थिरुमलाचार व सहकाऱ्यांनी ते ज्या जीवाणूपासून मिळविले, त्याचे ‘स्ट्रेप्टोमायसीस पिंप्रीना’ हे नाव पिंपरीवरूनच पडले.

फ्लुकोनॅझोल हे ॲझोल गटातील औषध अर्गोस्टेरॉलची निर्मितीच रोखते. ते गोळीच्या रूपात मिळत असल्याने सर्वाधिक वापरले जाते. मात्र वारंवार व अपुऱ्या मात्रेत दिल्यास प्रतिरोधी किण्वे टिकून राहतात. औषध ज्या विकरावर कार्य करते त्याची रचना बदलते किंवा पेशी औषध बाहेर फेकू लागते. कॅन्डिडा क्रुसी ही जाती फ्लुकोनॅझोलला निसर्गतःच दाद देत नाही, तर कॅन्डिडा ग्लाब्राटाची संवेदनक्षमता मुळातच कमी असते. म्हणून चाचणीइतकेच जातीनिदानही महत्त्वाचे ठरते.

चाचणीची पद्धती

तोंडातील थराचा नमुना साबुरो माध्यमावर वाढवितात. रक्तद्रवात 37 अंश सेल्सिअसला दोन ते तीन तास ठेवल्यावर अंकुरनलिका दिसल्यास ती बहुधा कॅन्डिडा अल्बिकन्स असते. रंगदर्शी माध्यमावर इतर काही जाती वसाहतींच्या रंगावरून ओळखता येतात.

संवेदनक्षमतेसाठी तबकडी पद्धत स्वस्त व सोपी आहे. म्युलर-हिंटन माध्यमात 2 टक्के ग्लुकोज व अल्प मेथिलीन ब्लू मिसळून त्यावर किण्वाचा प्रमाणित द्रव पसरतात आणि 25 मायक्रोग्रॅम फ्लुकोनॅझोलची तबकडी ठेवतात. 35 अंशांवर 24 तासांनी कॅन्डिडा अल्बिकन्सभोवतीच्या प्रतिबंधक वर्तुळाचा व्यास 17 मिलिमीटर वा अधिक असल्यास किण्व संवेदनक्षम, 14 ते 16 असल्यास मात्रेवर अवलंबून संवेदनक्षम आणि 13 वा कमी असल्यास प्रतिरोधी मानतात. वर्तुळातील अतिसूक्ष्म वसाहती मोजल्यास संवेदनक्षम किण्वही चुकून प्रतिरोधी ठरते. जेथे वाढ ठळकपणे घटते, तेथेच कडा धरावी.

निष्कर्षांचा अर्थ

प्रत्येक अपयश प्रतिरोधामुळेच येते असे नाही. क्षयरोगावरील रिफाम्पिसिन रक्तातील फ्लुकोनॅझोलचे प्रमाण घटविते. एचआयव्ही व क्षय एकत्र असलेल्या रुग्णांत हे विसरून चालत नाही. अस्वच्छ कवळी, अर्धवट सोडलेला औषधक्रम व एचआयव्हीवरील उपचारांतील खंड हीदेखील कारणे असतात. तसेच केवळ नमुन्यात किण्व वाढले म्हणजे रोग झाला, असे नव्हे. लक्षणांचा आधार हवाच.

समारोप

पहिल्या संसर्गात प्रत्येक रुग्णाची चाचणी आवश्यक नसते. मात्र उपचारानंतरही थर राहिल्यास वा पुन्हा आल्यास तीच गोळी देण्यापूर्वी जातीनिदान व संवेदनक्षमता तपासणे हितावह ठरते. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये रोगकारक बुरशींची प्राधान्यसूची प्रथमच जाहीर करून कॅन्डिडा अल्बिकन्सला सर्वोच्च गटात ठेवले. ग्रामीण महाविद्यालयांतील सूक्ष्मजीवशास्त्र विभागांनी रुग्णनमुने हाताळणे उचित नसले, तरी प्रमाणित वाणांवर ही तंत्रे शिकवून तालुक्याच्या प्रयोगशाळांना कुशल मनुष्यबळ पुरविणे त्यांना सहज शक्य आहे.