घरगुती डीव्हीडी रेकॉर्डर : मालकांचे अनुभव आणि शाळेच्या कपाटातील तबकड्या

प्राथमिक शाळेच्या कपाटात जनरल रजिस्टर, हजेरीपत्रके व शेरेबुक यांच्या शेजारी पुष्कळ ठिकाणी पुठ्ठ्याचा एक खोका आढळतो. स्नेहसंमेलन, प्रजासत्ताकदिनाची कवायत, एखाद्या गुरुजींचा निरोपसमारंभ, गावच्या वृद्ध स्त्रियांनी म्हटलेली भुलाबाईची गाणी, अशा प्रसंगांचे चित्रण केलेल्या चकचकीत तबकड्या त्यात ठेवलेल्या असतात. तबकडी खोक्यात आहे म्हणजे तो प्रसंग सुरक्षित आहे, असा सर्वसाधारण समज आहे. हा समज कितपत खरा आहे, याचे उत्तर ज्या लोकांनी घरी डीव्हीडी रेकॉर्डर बाळगले त्यांच्या अनुभवांत सापडते. त्या अनुभवांचा विचार करून शिक्षकांनी आपल्या शाळेपुरते काय करावे, हे सांगणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

यंत्राची ओळख

डीव्हीडीचे मानक १९९५ साली ठरले. एकदाच लिहिता येणारी डीव्हीडी-आर १९९७ साली आली, आणि १९९९ च्या अखेरीस पायोनियर कंपनीने जपानमध्ये घरगुती रेकॉर्डर विक्रीस आणला. दूरदर्शन संचावरील कार्यक्रम किंवा कॅमेऱ्यातील चित्रण संगणकाच्या साहाय्यावाचून थेट तबकडीवर उतरविणे, हे या यंत्राचे काम होय. भारतात ते घरोघर पोहोचले नाही. विवाहाचे व संमेलनाचे चित्रण करणारे छायाचित्रकार, काही हौशी गृहस्थ आणि परदेशी असलेल्या नातेवाइकांनी ज्यांना ते आणून दिले अशी कुटुंबे, एवढाच त्याचा मुख्य प्रसार झाला. अमेरिकेतून आणलेल्या यंत्राच्या मालकांपुढे पहिल्याच दिवशी दोन अडचणी उभ्या राहत. तेथील वीज सुमारे १२० व्होल्टची, तर आपली २३० व्होल्टची. शिवाय तेथील चित्रपद्धती ५२५ रेषांची, तर आपली ६२५ रेषांची. विजेचा दाब उतरविणारा ट्रान्सफॉर्मर मधे न ठेवता यंत्र जोडले, तर ते जळून जाण्याचा धोका असे.

तबकडीवरील लेखन कसे होते

डीव्हीडीचा व्यास १२० मिलिमीटर व जाडी १.२ मिलिमीटर असते. प्रत्येकी ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या एकमेकींस चिकटवून ती तयार होते. आत एक सर्पिलाकार वाट असते. ती केंद्राजवळून निघून कडेपर्यंत जाते. या वाटेच्या दोन लगतच्या फेऱ्यांत केवळ ०.७४ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी अंतर असते. मूर्तिजापूरहून यवतमाळ व अचलपूर या दोन दिशांना ज्या अरुंद रुळांवरून शकुंतला गाडी धावत असे, त्या दोन रुळांमधील अंतर ७६२ मिलिमीटर आहे. तेवढ्या जागेत डीव्हीडीच्या वाटेच्या सुमारे दहा लक्ष फेऱ्या मावतील! ती संपूर्ण वाट उलगडून सरळ केली, तर तिची लांबी बारा किलोमीटरच्या आसपास भरेल.

कारखान्यात छापलेल्या चित्रपटाच्या तबकडीत या वाटेवर खळगे दाबून उमटविलेले असतात. घरी लिहिल्या जाणाऱ्या तबकडीत मात्र रंगद्रव्याचा पातळ थर असतो. रेकॉर्डरमधील तांबड्या लेसर किरणाची उष्णता त्या थरावर खुणा उमटविते, आणि वाचताना तोच किरण मंद करून त्या खुणा ओळखल्या जातात. छापील तबकडी व घरी लिहिलेली तबकडी दिसावयास सारख्या असल्या, तरी त्यांच्या टिकाऊपणात मोठे अंतर आहे, ते या कारणामुळे. ऊन, उष्णता व दमट हवा यांनी रंगद्रव्य हळूहळू विरते. पुनःपुन्हा लिहिता येणाऱ्या तबकडीत रंगद्रव्याऐवजी धातूंच्या मिश्रणाचा थर असतो. तोही कायमचा नसतो.

मालकांच्या तक्रारी व त्यांची कारणे

रेकॉर्डर वापरलेल्या लोकांच्या तक्रारी देशोदेशी बहुतांशी सारख्याच आहेत. त्यांचे पाच वर्ग पडतात.

पहिली तक्रार अशी की, यंत्र एका कंपनीची तबकडी स्वीकारते व दुसरीची नाकारते. रंगद्रव्ये निरनिराळी असल्याने लेसरचा जोर त्या त्या तबकडीस जुळवून घ्यावा लागतो, आणि ही जुळणी यंत्रात आधीच भरून दिलेली असते. यंत्रानंतर बाजारात आलेली तबकडी त्यास अनोळखी वाटते. यात दोष यंत्राचाच किंवा तबकडीचाच असतो असे नाही; त्या दोहोंचा मेळ बसत नाही, एवढेच.

दुसरी तक्रार लेसरची. लेखनास वाचनापेक्षा अधिक शक्ती लागते. म्हणून वय झालेले यंत्र प्रथम लिहिण्याचे थांबते व वाचन पुढे काही काळ करीत राहते. भिंगावर धूळ बसली तरी हेच लक्षण दिसते. त्यामुळे भिंग स्वच्छ करून पाहण्याआधी यंत्र निकामी ठरवू नये.

तिसरी तक्रार वीजपुरवठ्याच्या भागाची. त्यातील विद्युत्संग्राहक, ज्यांस दुरुस्ती करणारे कपॅसिटर म्हणतात, ते उष्णतेने फुगतात व यंत्र सुरूच होत नाही. हा दोष स्वस्तात दुरुस्त होण्याजोगा असूनही या एकाच कारणाने अनेक यंत्रे भंगारात गेली.

चौथी तक्रार सर्वांत दुःखदायक आहे. चित्रण पूर्ण झाल्यावर तबकडी ‘फायनलाइझ’ करावी लागते, म्हणजे तिच्यावर शेवटची अनुक्रमणिका लिहून ती बंद करावी लागते. हे केले नाही, तर ती ज्या यंत्रावर लिहिली तेथेच चालते, इतरत्र बहुधा कोरी दिसते. पुढे ते यंत्र बिघडले की तबकडीवरील मजकूर शाबूत असूनही वाचता येत नाही.

पाचवी तक्रार खुद्द तबकडीची. चांगली चाललेली तबकडी एके दिवशी अचानक अडकते. वस्तुतः तिचा ऱ्हास आधीपासून चालू असतो. एखाद्या पत्रातील दोनचार अक्षरे पुसट झाली, तरी आपण संदर्भावरून वाक्य लावतो. त्याचप्रमाणे डीव्हीडीवर मूळ मजकुराबरोबर तपासणीचे जादा अंक लिहिलेले असतात, व त्यांच्या आधारे यंत्र गाळलेला भाग भरून काढते. पुसट अक्षरे फार झाली म्हणजे मात्र वाक्य लागत नाही. तोपर्यंत पाहणाऱ्यास काहीच जाणवत नाही. ‘काल चालत होती’ हा तबकडीच्या प्रकृतीचा पुरावा होऊ शकत नाही, तो यामुळेच.

अनुभवांची पारख

एकाच बनावटीचे यंत्र एका घरी दहा वर्षे चालते व दुसऱ्या घरी वर्षभरात बंद पडते. दोघेही खरे बोलत असतात. मग कोणाचे मानावे? येथे शिक्षकाने तेच करावे जे तो वर्गाविषयी करतो. एका हुशार किंवा एका मंद विद्यार्थ्यावरून तो सबंध इयत्तेची पारख करीत नाही. ज्याचे यंत्र बिघडले तो चारचौघांत बोलतो. ज्याचे बरे चालले तो गप्प असतो. उलटपक्षी, पुष्कळ पैसे मोजून घेतलेल्या वस्तूची निंदा करणे काहींच्या जिवावर येते. म्हणून कोणाचाही अनुभव ऐकताना चार प्रश्न विचारावेत : यंत्र रोज किती वेळ चाले? कोठे ठेवले होते? वीज कशी होती? तबकड्या कोणत्या वापरल्या? या प्रश्नांची उत्तरे मिळाली म्हणजे परस्परविरोधी वाटणाऱ्या अनुभवांचा बहुधा उलगडा होतो.

वऱ्हाडात या प्रश्नांना विशेष महत्त्व आहे. अकोला जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्याही वर चढतो, आणि टिनाच्या छपराखालील खोलीतील बंद कपाटात उष्णता कोंडून राहते. काळ्या मातीची बारीक धूळ उन्हाळ्यात सर्वत्र शिरते. त्यातच २००५ नंतरच्या काही वर्षांत, म्हणजे रेकॉर्डर नवे असतानाच, ग्रामीण महाराष्ट्राने दीर्घ भारनियमन सोसले. लेखन चालू असताना वीज गेली तर अनुक्रमणिका अपुरी राहते व ती तबकडी वाया जाण्याचा संभव असतो.

आज या यंत्रांचा काळ सरला आहे. कोऱ्या तबकड्यांच्या धंद्यातील मोठी भारतीय कंपनी मोझर बेअर, तिच्या परिसमापनाचा आदेश २०१८ साली झाला. नव्या संगणकांत बहुधा तबकडीची खाच नसते. म्हणजे तबकडी टिकली, तरी ती वाचणारे यंत्र दरवर्षी दुर्मिळ होत आहे. हीच खरी घाईची बाब होय.

प्रत काढणे हाच टिकाव

मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे ज्यांचे बालपण गेले त्या संत गाडगेबाबांचे उदाहरण येथे बोधप्रद आहे. बाबा २० डिसेंबर १९५६ रोजी निवर्तले. त्याच वर्षी नोव्हेंबरात मुंबईत बांद्रे येथे झालेल्या त्यांच्या कीर्तनाचे ध्वनिमुद्रण झाले होते, आणि बाबांचा तो आवाज आजची मुलेही ऐकू शकतात. एखादी फीत फार मजबूत होती म्हणून हे घडले नाही. आवाज एका साधनावरून दुसऱ्या साधनावर वेळोवेळी उतरवून घेतला गेला, म्हणून तो राहिला. आपल्या गावच्या आजीबाईंच्या गाण्यांनाही हाच न्याय लागू आहे.

शिक्षकांनी करावयाची कामे

१. खोक्यातील सर्व तबकड्यांची यादी करावी : प्रसंग, वर्ष, गाव व कोणाकडून मिळाली.

२. ज्यावर गावच्या वृद्धांचा आवाज किंवा आज हयात नसलेल्या व्यक्ती आहेत, त्या तबकड्या प्रथम घ्याव्यात.

३. तबकडी मऊ सुती कापडाने केंद्राकडून कडेकडे सरळ पुसावी. गोल फिरवून पुसू नये. ग्रामोफोनच्या तबकडीची सवय येथे उपयोगी नाही. कागदी लेबल चिकटवू नये.

४. तबकडीचा वाचक असलेल्या संगणकावर तिची संपूर्ण प्रत उतरवावी. तबकडी अडकल्यास तिची आशा लगेच सोडू नये. दुसऱ्या यंत्रात घालून पाहावे. एक वाचक नाकारतो ती तबकडी दुसरा पुष्कळदा वाचतो.

५. तबकडी कोरी दिसल्यास ती फेकू नये. फायनलाइझ करावयाची राहिली असेल, तर ज्या कंपनीच्या यंत्रावर लिहिली त्याच कंपनीचे दुसरे यंत्र शोधावे. गावचे जुने छायाचित्रकार या कामी मदत करू शकतात.

६. तीन प्रती असाव्यात. त्या दोन भिन्न प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि एक प्रत शाळेच्या इमारतीबाहेर असावी. केवळ एका पेन ड्राइव्हवर विसंबणे म्हणजे जुनीच चूक नव्या साधनावर करणे होय.

७. मूळ तबकड्या उभ्या, डबीत, अंधाऱ्या व थंड जागी ठेवाव्यात. छपरालगतचा फळा टाळावा.

८. चित्रणात मुले असल्यास पालकांच्या संमतीवाचून ते सार्वजनिक करू नये.

वर्षातून एक दिवस ठरवून सर्व प्रती लावून पाहाव्यात. यासाठी २० डिसेंबर, म्हणजे गाडगेबाबांची पुण्यतिथी, हा दिवस सोयीचा आहे. त्या दिवशी शाळा झाडून स्वच्छ होतेच, त्यात कपाटाचीही पाळी यावी.

वरच्या वर्गांस याच निमित्ताने एक पाठ देता येईल. निकामी झालेली तबकडी उन्हात तिरपी धरली असता भिंतीवर सप्तरंग उमटतात. ते रंग पाण्याच्या थेंबातील इंद्रधनुष्याप्रमाणे होत नसून, तबकडीवरील अतिसूक्ष्म रेषांवरून प्रकाश परतताना निरनिराळ्या रंगांचे किरण निरनिराळ्या दिशांना विखुरतात म्हणून दिसतात. रंग पाहताना सूर्याचे थेट परावर्तन मुलांच्या डोळ्यांवर पडणार नाही, याची काळजी घ्यावी.

यादीचे काम कोणत्याही शाळेस एका दुपारी उरकता येईल, व त्यास खर्च नाही. पुढील उन्हाळ्यापूर्वी ते व्हावे. मे महिन्याच्या उष्णतेत आणखी किती तबकड्यांची अक्षरे पुसट होतील, हे खोक्याकडे बाहेरून पाहून कोणासही सांगता येणार नाही.